लेकीच्या बोर्डवर कोणते शब्द ठेवायचे?

माझ्या मुलीला सेरेब्रल पाल्सी आहे. बुद्धी तल्लख, कानावर पडलेलं काही विसरत नाही, पण स्नायूंवर ताबा नाही. एखादी वस्तू घ्यायला गेली की हात भलतीकडे उडतो; बोलायला गेली की मान, खांदे, तोंड सगळंच ताणलं जातं आणि शब्द मध्येच अडकतो. बोलण्यातल्या या अडचणीला डिसार्थ्रिया म्हणतात. ऐरोलीतल्या आमच्या घरात तिचं बोलणं चौघांना समजतं: मला, बायकोला, माझ्या आईला आणि धाकट्याला. लिफ्टमधल्या शेजाऱ्यांना समजत नाही, शाळेतल्या बाईंना समजत नाही, फिजिओच्या सरांना अर्धंमुर्धं समजतं. ती बोलली की समोरचा माणूस तिच्याऐवजी आमच्या तोंडाकडे बघतो, आणि आम्ही दुभाष्याचं काम सुरू करतो.

वाशीच्या थेरपी सेंटरमध्ये स्पीचच्या मॅडमनी एएसीचा विषय काढला तेव्हा ती पाच वर्षांची होती. एएसी म्हणजे बोलण्याला जोड म्हणून किंवा बोलण्याच्या जागी वापरायची साधनं. हातवारे, फोटो, चित्रांची कार्डं, बोर्ड, टॅबवरचं बोलणारं अ‍ॅप, सगळं त्यात येतं. मॅडम पालकांना समजावताना यंत्राच्या आवाजात बोलणारे शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांच्यापासून सुरुवात करतात. त्या दिवशी आमच्याबरोबर माझी आई होती आणि तिचा हॉकिंग यांच्याशी काही संबंध नव्हता. तिने सरळ विचारलं, "म्हणजे आता ही बोलणारच नाही, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

हाच प्रश्न सेंटरच्या बाहेरच्या बाकड्यांवर रोज निघतो, फक्त वेगवेगळ्या शब्दांत. आत मुलांची थेरपी चालू असते आणि बाहेर पालकांची संसद भरते. कोपरखैरण्याचे एक बाबा, मुलगा ऑटिझमचा, ठामपणे सांगायचे, "बटण दाबून बिस्कीट मिळत असेल तर जीभ हलवायचे कष्ट कोण घेईल?" कळव्याच्या एक ताई पर्समध्ये चित्रांच्या कार्डांचा जुडगा घेऊन फिरायच्या, कार्ड हातात देऊन वस्तू मागायची, ही पेक्स नावाची पद्धत त्यांच्या मुलाला जमली होती. त्यांचं म्हणणं, "आधी तो भिंतीवर डोकं आपटायचा. आता कार्ड आणून देतो. बोलेल तेव्हा बोलेल, तोवर डोकं तर शाबूत राहील." घणसोलीच्या एका जोडप्याने कर्ज काढून टॅब घेतला होता आणि त्यावर आता फक्त कार्टून चालतं, हे ते स्वतःच हसत सांगायचे. आणि नेरूळच्या एक आजी कुणाचंही ऐकून घेतल्यावर एवढंच म्हणायच्या, "लोक काय म्हणतील याचा विचार करा. गळ्यात पाटी अडकवल्यासारखं दिसतं ते."

जिभेला आळस चढेल, ही भीती बाकड्यावरच्या बहुतेकांना होती. मॅडम त्यावर तोंडी दिलासा देत नाहीत, कागद दाखवतात. 2006 मध्ये मिलर, लाइट आणि श्लॉसर या तीन संशोधकांनी तोवरचे 23 अभ्यास एकत्र करून तपासले. एकूण 67 जण. त्यातल्या ज्या अभ्यासांवर नीट भरवसा ठेवता येईल त्यांत 27 जणच उरले. त्या 27 पैकी एकाचंही बोलणं एएसीमुळे कमी झालं नाही. 11 टक्क्यांचं होतं तेवढंच राहिलं, 89 टक्क्यांचं वाढलं. मी महापे एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, आकडे दिसले की मी आधी नमुना किती मोठा ते बघतो. 27 म्हणजे काही फार नाहीत. शिवाय वाढ बहुतेकांची माफकच होती, हेही त्यात लिहिलेलं आहे. पण आमचा प्रश्न 'वाढेल का' हा नव्हताच, 'आहे ते जाईल का' हा होता, आणि त्याचं उत्तर मला पुरेसं वाटलं. बायकोला नाही वाटलं. म्हणून वांद्रे रेक्लमेशनच्या अली यावर जंग संस्थेतही दाखवून आलो. 1983 पासूनची केंद्र सरकारची संस्था, वाचा आणि श्रवण हेच तिचं काम. ऐरोलीहून ठाणे, ठाण्याहून दादर, मग वांद्रे, पुढे रिक्षा, आणि मांडीवर सहजासहजी न बसणारं मूल. तिथेही सांगितलं तेच: बोलण्याचा सराव चालू ठेवा, साधन त्याच्या जोडीला द्या, दोन्हींत भांडण नाही.

आईचा विरोध मात्र निराळा होता, आणि तो कुठल्याही कागदाने सुटणारा नव्हता. ती म्हणायची, "मला तिचं सगळं कळतं. यंत्र कशाला?" खरंच कळायचं. नुसत्या हुंकारावरून आई ओळखायची की हिला पाणी हवंय की कूस बदलायची आहे. यावर मॅडमनी आईला एक प्रश्न विचारला: "तुम्हाला सुचणारच नाही असं काही तिला म्हणायचं असेल तर?" आई गप्प बसली. पटलं म्हणून नव्हे, चिडली म्हणून. पण मला तो प्रश्न चांगलाच लागला. आम्ही ओळखायचो ते सगळं आमच्याच यादीतलं होतं. पाणी? दूध? शू? टीव्ही? झोप? ती मान हलवेपर्यंत आम्ही एकेक विचारत जायचो. यादीबाहेरचं ती कसं सांगणार?

सुरुवात टॅबने झाली नाही. तिचा हात चित्रावर नेमका पडत नाही, म्हणून मॅडमनी डोळ्यांनी दाखवायचा बोर्ड सुचवला. पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची शीट, मधोमध मोठं भोक, चार कोपऱ्यांत चार चित्रं. शीट दोघांच्या मध्ये धरायची, भोकातून एकमेकांकडे बघायचं, ती कुठल्या कोपऱ्याकडे बघते ते समोरून कळतं. चित्राकडे बघून पुन्हा माझ्या डोळ्यांत बघितलं की ते पक्कं. परदेशी बनावटीची फ्रेम मागवण्याऐवजी मी स्टेशनजवळच्या नंबरप्लेट-नेमप्लेटवाल्याकडून शीट कापून घेतली आणि कडा कंपनीतल्या बारीक एमरी पेपरने घासल्या. पहिली अडचण ट्यूबलाइटची. शीटवर उजेड चमकला की मला तिचे डोळेच दिसेनात. खिडकीकडे पाठ करून बसायला लागलो तेव्हा जमलं. दुसरी अडचण माझ्या घाईची नव्हे, तिच्या वेळाची. मानेवर ताबा यायला तिला बराच अवधी लागतो. ती आधी डोळे मिटते, मान स्थिर करते, मग बघते. तोवर आपण काहीही बोलायचं नाही. बोललं की लक्ष आवाजाकडे जातं आणि सगळं पहिल्यापासून.

चित्रं कुठली लावायची हे ठरवताना मात्र घरात आणि बाकड्यावर खरी जुंपली. आम्ही पहिल्यांदा तयार केलेली चित्रं बघून मॅडम म्हणाल्या, "हा बोर्ड तुमच्या सोयीचा आहे. स्वयंपाकघर आणि बाथरूम." बाकीच्या पालकांचे बोर्ड बघितले तर तेच: पाणी, पोळी, शू, शी, झोप. मॅडमचं म्हणणं असं की माणूस दिवसभर जे बोलतो त्यात नावं थोडी आणि मी, तू, हे, नको, अजून, थांब, दे, चल, कुठे, का, संपलं असले शब्द फार. हे काहीशे शब्द हाताशी असले की बोलण्याचा मोठा भाग उरकतो. 'पोळी'ने फक्त पोळी मागता येते. 'अजून'ने पोळीही मागता येते, गोष्टही मागता येते आणि झोकाही.

'अजून'ला कुणाचा विरोध नव्हता. 'नको'ला होता. बायको म्हणाली, "आधीच स्प्लिंट नको, औषध नको, आता छापील परवाना कशाला?" घणसोलीच्या जोडप्यातल्या ताईंचंही तेच मत: मुलांना नकार शिकवावा लागत नाही, होकार शिकवावा लागतो. मी 'नको' आणि 'थांब' दोन्ही लावले. 'थांब'ची परीक्षा फिजिओमध्ये झाली. पायाचे स्नायू ताणताना ती रडायची, आणि रडणं हा थेरपीचाच भाग आहे असं आम्ही सगळ्यांनी मनाशी धरून चाललो होतो. सरांना सांगितलं की ही कोपऱ्याकडे बघेल तेव्हा थांबायचं. सर भले माणूस, पण त्यांनाही वाटलं की मग व्यायाम होणारच नाही. पहिल्या दिवशी तिने 'थांब'चा नुसता सपाटा लावला. सर दरवेळी हात काढायचे, दहा अंक मोजायचे, पुन्हा सुरू करायचे. पुढच्या आठवड्यांत ते आपोआप कमी झालं. थांबवलं की थांबतात, एवढी तिची खात्री पटली आणि मग ती बराच वेळ ताण सहन करायला लागली. रडणंही कमी झालं.

पालकांच्या बैठकीत सगळ्यात जड गेलेला विषय शरीराच्या भागांचा. मॅडमनी सांगितलं की बोर्डवर सगळे भाग हवेत, झाकलेलेसुद्धा, आणि त्याबरोबर 'दुखतं', 'हात लावला', 'आवडलं नाही' हेही हवं. खोलीत एकदम शांतता. एका बाबांनी विचारलं, "हे असलं चित्र घेऊन मुलगी शाळेत जाणार?" नेरूळच्या आजी, ज्यांना पाटीचीही लाज वाटायची, त्याच पहिल्यांदा बोलल्या. "बोलता न येणाऱ्या पोरीला कुणी काही केलं तर सांगणार कशी?" त्यांनी एवढंच विचारलं. त्यानंतर कोणी वाद घातला नाही, तरी सगळ्यांनी ते पान लावलं असंही नाही. आमच्या छापील चित्रांच्या पुस्तकात ते आहे. शेवटच्या पानावर नाही, मधल्या पानावर आहे, कारण शेवटच्या पानापर्यंत उलटायला तिला कुणाची तरी मदत लागली असती.

टॅब त्यानंतर आला. दोन अ‍ॅप बघितली. एक चेन्नईत तयार झालेलं आवाझ, ते विकत घ्यावं लागतं आणि त्यात शब्दसंपदा भरपूर. दुसरं आयआयटी मुंबईच्या आयडीसी विभागात तयार झालेलं जेलो. फुकट आहे आणि मराठीतही आहे. आम्ही जेलोपासून सुरुवात केली. मध्ये खाणं, खेळ, माणसं, जागा असे विभाग आणि कडेला हो, नाही, आवडतं, आवडत नाही, जास्त, कमी अशा अर्थाची बटणं. आधी चित्र दाबायचं, मग कडेचं बटण. एकाच चित्रातून हवंपण आणि नकोपण दोन्ही निघतं. पैशाचं म्हणाल तर टॅब आमच्याच खिशातून घेतला. थेरपीच्या खर्चाला नॅशनल ट्रस्टच्या निरामय विम्याचा थोडा हातभार लागतो. त्याची मर्यादा वर्षाला एक लाखाची आहे.

हात उडण्यावर उपाय म्हणून कीगार्ड. म्हणजे स्क्रीनवर बसणारी अ‍ॅक्रिलिकची जाळी, प्रत्येक चित्रावर एक भोक. हात जाळीवर टेकवून सरकवत न्यायचा, बोट भोकात शिरेल तिथेच स्पर्श लागेल. पुन्हा तोच नंबरप्लेटवाला. यावेळी त्याने लेझरवर कापून दिली आणि "साहेब, ही कुठल्या गाडीची?" असंही विचारलं. टॅबच्या सेटिंगमध्ये स्पर्श किती वेळ धरल्यावर ग्राह्य धरायचा ते ठरवता येतं; ते वाढवलं, नाहीतर हात ओढला जाताना भलतीच तीन बटणं बोलून जायची.

अ‍ॅप घेतल्यावर काम संपतं असं वाटणारे पालकच पुढे टॅबवर कार्टून लावतात, असं माझं स्पष्ट मत झालंय. खरं काम मॉडेलिंगचं. म्हणजे आपणच बोलता बोलता बटणं दाबायची. "तुला अजून भात हवा?" म्हणताना 'अजून' आणि 'भात' आपण दाबायचं, तिने दाबावं असा आग्रह न धरता. कोपरखैरण्याच्या बाबांचा आक्षेप इथेही होता: आपल्याला बोलता येतं, आपण कशाला? मॅडमचं उत्तर मला पटलेलं आहे. तान्हं मूल वर्षभर आपलं बोलणं ऐकतं आणि मग पहिला शब्द काढतं. बोर्डवर बोलणारं मूल आजूबाजूला बोर्डवर बोलणारं एक तरी माणूस बघतं का? पण पटणं वेगळं आणि सेकंड शिफ्ट करून आल्यावर आमटी वाढताना एका हाताने बटणं शोधणं वेगळं. ते रटाळ आहे. बायको माझ्यापेक्षा कितीतरी जास्त करते. धाकटा सगळ्यांत पटाईत, कारण त्याला ते काम वाटत नाही. त्यानेच हट्ट धरला की ताईच्या टॅबवर 'गप्प बस' पाहिजे, कारण तो म्हणतो तेव्हा तिला उलट म्हणता येत नाही. बायको नाही म्हणाली, मी हो म्हणालो. आता ते बटण आहे आणि माझ्यावरच जास्त चालतं.

यादीबाहेरचं पहिलं वाक्य आलं ते माझ्या बहिणीच्या वाट्याला. बहीण डोंबिवलीहून येते, प्रेमळ आहे, पण भाचीचे गाल ओढते आणि तिच्यासमोरच "बिचारी गं" म्हणते. त्या रविवारी लेकीने टॅब ओढायला लावला, हात जाळीवर टेकवला आणि बऱ्याच खटपटीने तीन बटणं दाबली. टॅब मोठ्याने म्हणाला: आत्या. संपलं. घर. बहिणीला आधी कळलं नाही. धाकट्याने अर्थ लावून सांगितला. आईचा पारा चढला, "हेच शिकवायला आणलंत का हे?" बहीण रागावली, चहा न घेता उठली. बायको मला स्वयंपाकघरात गाठून म्हणाली की 'संपलं' काढून टाक. मी काढलं नाही. शब्द काढला तरी तिला जे वाटतं ते तर राहीलच. बहीण पुढच्या महिन्यात पुन्हा आली तेव्हा तिने गाल ओढले नाहीत.

शाळेचं प्रकरण लांबलं. शाळेने टॅब वर्गात चालणार नाही म्हणून सांगितलं: बाकीची मुलं मागतील, आवाजाने वर्ग विस्कटेल. आवाजाचा मुद्दा खोटा नाही. ट्रान्स-हार्बरच्या दिव्यांग डब्यात टॅबचा आवाज पूर्ण वाढवला तरी ऐकू येत नाही आणि शांत वर्गात तोच आवाज छतापर्यंत जातो. पण बंदी हा त्यावरचा उपाय नव्हे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात संवादाच्या व्याख्येतच बोलण्याला पूरक आणि पर्यायी साधनं धरलेली आहेत, आणि कलम 17 मध्ये अशा साधनांना चालना देणं हे शिक्षणातलं शासनाचं काम म्हणून लिहिलेलं आहे. त्या पानाची प्रत आणि मॅडमचं पत्र घेऊन गेलो. भांडायला गेलो नव्हतो, तरी कायद्याचा कागद टेबलावर ठेवला की बोलण्याचा सूर बदलतोच, दोन्ही बाजूंचा. शेवटी ठरलं ते असं: वर्गात छापील पुस्तक, मधल्या सुट्टीत आणि तोंडी परीक्षेला टॅब. बाईंनी स्वतः पुस्तकातलं एक पान मागून घेतलं, 'फळ्यावर दिसत नाही' आणि 'समजलं नाही' ही दोन चित्रं त्यांनी सुचवलेली. आम्हाला ती सुचली नसती.

कोपरखैरण्याच्या बाबांचा मुलगा आता चारपाच शब्द बोलतो. ते म्हणतात, "बघा, मी थांबलो म्हणून." कळव्याच्या ताईंचा मुलगाही थोडं बोलायला लागलाय, त्या म्हणतात, कार्डांमुळे. दोघं एकाच बाकड्यावर बसतात आणि एकमेकांना डबा देतात. माझ्या लेकीचं तोंडाने बोलणं फारसं बदललेलं नाही, 'आई' आणि 'नाही' पूर्वीपेक्षा स्वच्छ येतं, एवढंच.

आता मॅडम अक्षरांचा बोर्ड म्हणताहेत. तिला वाचता यायला लागलंय, आणि अक्षरं हाती आली की चित्रांच्या यादीचा प्रश्नच उरत नाही. पुन्हा ती पारदर्शक शीट काढली आहे. आपल्या वर्णमालेचे वर्ग पाच-पाच अक्षरांचे, ते इथे कामाला येतात: पहिल्यांदा बघितलं की कुठला वर्ग, दुसऱ्यांदा बघितलं की त्यातलं कितवं अक्षर. क आणि च वर्गाला चार कोपरे पुरतात, ङ आणि ञ लागत नाहीत. ट, त, प या वर्गांना ण, न, म साठी पाचवी जागा वरच्या कडेला मध्यभागी केली. आईने हे सगळं बघितलं आणि विचारलं, "म्हणजे मग ती काहीही बोलू शकेल?" मॅडम हो म्हणाल्या. आई म्हणाली, "माझं काही नाही, आत्याला आधी कल्पना द्या." काने, मात्रा, वेलांट्यांसाठी दुसरी शीट कापायला दिली आहे. जोडाक्षरांचं काय करायचं ते अजून ठरायचंय.